प्रचार वाचायला शिकताना: एक वही आणि दहा दिवस

एक शंभर पानी वही घ्या आणि एकच नेता निवडा. शक्यतो तुम्हाला आवडणारा. विरोधकाचा प्रचार कोणालाही लगेच ओळखता येतो, पण आपल्या माणसाचा प्रचार आपल्याला बातमी वाटतो. शिकायचं ते नेमकं तिथे आहे.

नेत्याबरोबर विषयही एकच घ्या: कांद्याचा भाव, पिण्याचं पाणी, एखादी सरकारी योजना, काहीही. सगळं एकदम टिपायला घेतलं की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. दोन दैनिकं ठरवा, त्यातलं एक तुमच्या मताच्या विरुद्ध झुकणारं असू द्या. त्याशिवाय एका वाहिनीचं अर्ध्या तासाचं बातमीपत्र, नेत्याचं अधिकृत पान आणि एखादा गावाचा, सोसायटीचा किंवा नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दिवसाला वीस-पंचवीस नोंदी पुरतात, पाऊण तासाचं काम आहे.

सुरुवातीला एक समजूत बाजूला ठेवायची. प्रचार म्हणजे खोटं बोलणं, असं नाही. टिळकांनी १८९० च्या दशकात गणेशोत्सव आणि शिवजयंतीला सार्वजनिक रूप दिलं, तो प्रचारच होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ साली आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांनी डफावर थाप मारून गावोगाव माणसं उभी केली, तोही प्रचारच. मुरलेला प्रचार बहुतेक वेळा खऱ्या गोष्टींवरच उभा असतो. त्यातली कारागिरी निवडीत असते: कोणती खरी गोष्ट पुढे करायची, किती वेळा, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या दिवशी. म्हणून ‘हे खरं की खोटं’ एवढ्यावर वहीचं भागत नाही.

वहीचे रकाने

आडवं पान घेऊन सहा रकाने आखा. तारीख आणि वेळ, माध्यम, नेमके शब्द, बोलणारा, पैसे कोणाचे, आणि सहावा रकाना ‘काय आलं नाही’. पहिले चार त्या त्या दिवशी भरतात. पाचव्याला शोधाशोध लागते. सहावा आठव्या-नवव्या दिवसापर्यंत रिकामाच राहील, त्याने खट्टू होऊ नका.

तिसऱ्या रकान्यात सारांश लिहू नका. ‘विकासाबद्दल बोलले’ या नोंदीचा उपयोग शून्य. वापरलेला शब्दच उतरवा, अगदी बॅनरवरच्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट, कारण तीच चूक चार ठिकाणी दिसली तर मजकूर एकाच जागेवरून निघाल्याची ती खूण असते. पोस्ट टिपताना पूर्ण दुवा, दिनांक आणि खात्याचं नाव स्क्रीनशॉटमध्ये आलंच पाहिजे. नंतर पोस्ट उडवली जाते आणि हातात कापलेलं चित्र उरतं, ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. महत्त्वाचं पान असेल तर त्याची प्रत ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून ठेवा, त्यासाठी खातं लागत नाही.

पहिले तीन दिवस: फक्त शब्द

या तीन दिवसांत खरंखोटं करायचं नाही. कोणता शब्द परत परत येतो आणि तो आधी कोणी वापरला, एवढंच बघायचं. सकाळी नेत्याच्या पानावर आलेला शब्द दुपारी प्रवक्त्याच्या तोंडी, संध्याकाळी वाहिनीच्या पट्टीवर आणि रात्री काकांच्या फॉरवर्डमध्ये दिसला, की प्रवासाचा नकाशा तयार झाला.

नाव देणं हे नेत्याचं सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ हत्यार आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ बारकाईने पाहा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली, पात्र महिलेला महिना १,५०० रुपये. पैसे राज्याच्या तिजोरीतले, म्हणजे करदात्यांचे. पण नावात ‘मुख्यमंत्री’ आहे, ‘माझी’ आहे आणि ‘बहीण’ आहे. एका नावात सरकार भाऊ झालं आणि हक्काचं अनुदान ओवाळणी झालं. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले हप्ते खात्यात आले, मग वेगळं काही सांगायची गरजच उरली नाही. ओवाळणी मिळाल्यावर निकष विचारणं आपल्या घरात असभ्य मानतात, आणि नावाची ताकद तीच आहे. योजना चांगली की वाईट, हा प्रश्न वेगळा. विरोधी महाविकास आघाडीनेही महिना ३,००० रुपयांचं आश्वासन देताना नाव निवडलं ते ‘महालक्ष्मी’.

दुसरी जात घोषणेची. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी शिंदे गटाच्या आमदारांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ म्हटलं आणि ते महिनाभरात शाळकरी पोरांच्या तोंडी गेलं. आत आरोप आहे पैसे घेतल्याचा, तोही गंभीर. पण यमक जुळलं की पुरावा मागायचं भान सुटतं, ऐकणारा हसतो आणि हसताना मान्य करून टाकतो. अशी घोषणा वहीत आली की खाली तिचं साधं विधान करून लिहा: कोणी, कोणाला, किती, कधी दिलं? विधान करता आलं नाही तर शेजारी फुली मारा. हा सराव रोज एका घोषणेवर करावा. दहा दिवसांत कानच बदलतो.

चौथा आणि पाचवा दिवस: पैसे कोणाचे

सुरुवात पत्रकापासून करा, ते हातात असतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावं आणि पत्ते छापणं बंधनकारक आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पत्रक उलटं करून तळाची बारीक ओळ वाचा. निनावी पत्रक बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या बदनामीसाठी असतं, किंवा जातीचं गणित मांडणारं, आणि नाव गाळलेलं असतं ते मुद्दाम. आचारसंहिता लागू असेल तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपमधून फोटो काढून तक्रार करता येते. अशा तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही करण्याचं आयोगाचं उद्दिष्ट आहे. फोटो अ‍ॅपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि इथे नवखे लोक हटकून अडकतात.

मग ऑनलाइन जाहिराती. फेसबुक-इन्स्टाग्रामची ‘अ‍ॅड लायब्ररी’ उघडा, देश भारत, प्रकार राजकीय, आणि नेत्याचं नाव मराठीत व इंग्रजीत असं दोनदा टाका. जाहिरातीखाली पैसे भरणाऱ्याचं नाव येतं, खर्चाचा अंदाजे पल्ला येतो, ती कोणत्या वयाच्या आणि कोणत्या राज्यातल्या लोकांना दिसली तेही येतं. गूगल आणि यूट्यूबसाठी ‘अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ आहे. नेत्याच्या अधिकृत पानापेक्षा भलत्याच नावाची पानं जास्त लक्षपूर्वक पाहा. विनोदाचं, ‘आपला जिल्हा’ छापाचं एखादं पान महिनाभर फक्त एका पक्षाची थट्टा करतं आणि त्यासाठी पैसेही मोजतं. हे छुपे प्रचारक. कारणही समजून घ्या: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, महाराष्ट्रात विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. त्यामुळे पैसा उमेदवाराच्या नावावरून सरकवण्याकडे सगळ्यांचा कल असतो.

सरकारी जाहिरातींचा रकाना वेगळा ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला निर्देश दिले, त्यानुसार अशा जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालणार होते. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने हे शिथिल करून राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्र्यांना परवानगी दिली. आज पानभर जाहिरातीत योजनेपेक्षा चेहरा मोठा दिसतो त्याचा रस्ता इथून जातो. फूटपट्टी घेऊन मोजा: चेहऱ्यांना किती चौरस सेंटिमीटर, आणि अर्ज कुठे करायचा या माहितीला किती. हे मोजमाप बालिश वाटेल, पण कुठल्याही टीकेपेक्षा ते जास्त बोलतं.

आता पैसे घेऊन छापलेली बातमी, ‘पेड न्यूज’. ओळखायला अवघड, म्हणून थोडं सविस्तर. समजा, पान तीनवर चार कॉलमी मजकूर आहे: ‘गावागावांत उत्स्फूर्त प्रतिसाद, कार्यसम्राटांच्या पदयात्रेला अलोट गर्दी’. पेन घ्या आणि शोधा. बातमीदाराचं नाव आहे का, की नुसतं ‘प्रतिनिधी’? गर्दी किती, आकडा आहे का? विरोधी उमेदवाराचा एक तरी उल्लेख आहे का? एखादी अडचण, एखादा प्रश्न, गावकऱ्याची एखादी तक्रार? फोटो स्टुडिओत काढलेला आहे का? कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा ‘मार्केटिंग फीचर’ लिहिलंय का? मग दुसरं दैनिक उघडा. तोच परिच्छेद, तीच विशेषणं, त्याच क्रमाने सापडली तर संशय पक्का धरायला हरकत नाही. मात्र पक्षाचं प्रसिद्धिपत्रक आळसाने जसंच्या तसं छापलं तरीही असंच दिसतं. दोन्हींत फरक असा की प्रसिद्धिपत्रक लहान असतं, आतल्या पानावर जातं आणि एकदाच येतं. पैसे मोजलेलं ‘पॅकेज’ ठरावीक जागी, ठरावीक आकारात, दिवसाआड परत येतं. तुमची वही तारखांनी भरलेली असेल तरच हा ताल दिसेल.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी हेच करून दाखवलं. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत त्यांनी शेजारी शेजारी ठेवला. चव्हाणांनी खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवले होते ५,३७९ रुपये. त्यांनी आरोप नाकारला. प्रकरण निवडणूक आयोगापुढे पाच वर्षं चाललं, जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब नीट सादर झाला नसल्याचा निष्कर्ष काढून नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. कात्रणं सारखी असणं आणि पैसे दिल्याचं सिद्ध होणं यांतलं अंतर केवढं आहे, ते या प्रकरणातून समजून घ्यावं. वहीत ‘पेड’ लिहू नका, ‘सारखा मजकूर, दोन ठिकाणी’ असं लिहा.

सहावा दिवस: क्लिप

अकरा सेकंदांचा व्हिडिओ येतो, नेता काहीतरी भयंकर बोलताना दिसतो. आधी बाणाकडे पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण म्हणजे तो निदान पाच हातांतून पुढे आलाय, त्यामुळे पाठवणाऱ्याला ‘कुठून आणलंस?’ विचारून काही हाती लागणार नाही. त्याचा राग क्लिप पाठवणाऱ्या मावशीवर काढू नये.

व्हिडिओ थांबवून चेहरा आणि मागचा फलक स्पष्ट दिसेल अशा तीन चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या. वरची-खालची मजकुराची पट्टी कापून टाका, नाहीतर शोधयंत्र पट्टीच शोधत बसतं. तिन्ही गूगल लेन्समध्ये टाका, जमलं तर यांडेक्स या रशियन शोधयंत्रातही, आणि सर्वांत जुनी नोंद शोधा. व्यासपीठाच्या बॅनरवर गाव आणि तारीख असते. दुकानाच्या पाट्यांची लिपी पाहा, गाड्यांच्या नंबरप्लेट पाहा, पोलिसांचा गणवेश पाहा. दंगलीचा म्हणून फिरणारा व्हिडिओ पुण्याचा सांगितला जातो आणि पोलीस पांढऱ्या गणवेशात दिसतात. पांढरा गणवेश कोलकाता पोलिसांचा.

सभा सापडली की पूर्ण भाषण यूट्यूबवर काढा आणि त्या वाक्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटं ऐका. इथे बहुतेक क्लिपांचा निकाल लागतो. ‘विरोधक म्हणतात की...’ ही सुरुवात कापलेली असते, किंवा ‘असं मी कधीच म्हणणार नाही’ हा शेवट. आवाज बनावट असल्याची शंका असेल तर श्वास, टाळ्यांचा प्रतिध्वनी आणि ओठांची हालचाल पाहा, पण डोळ्या-कानांवर फार भिस्त ठेवू नका. हल्लीची बनावट ध्वनिफीत घरच्यांनाही फसवते. त्या दिवशी तिथे सभा झाली होती का, आणि दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याने ते टिपलंय का, हे दोन प्रश्न जास्त भरवशाचे.

खोटी निघाली तर ‘हे खोटं आहे’ असं लिहून तीच क्लिप पुन्हा फिरवू नका. लोक चित्र पाहतात आणि मथळा विसरतात. मूळ भाषणाचा दुवा, किती मिनिटांवर ऐकायचं तो आकडा आणि एक ओळ, एवढंच पाठवा.

सातवा दिवस: सर्वेक्षण

थोडक्यात घेऊ. हजार लोकांच्या नीट निवडलेल्या नमुन्यात वर-खाली सुमारे ३ टक्क्यांची चूक गृहीतच असते. २८,८०० जणांना विचारलं हे ऐकून छाती दडपते, पण महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ आहेत, म्हणजे एका ठिकाणी १०० माणसं, आणि १०० माणसांवर चूक जवळजवळ १० टक्क्यांची. ‘आमच्या मतदारसंघात साहेब चार टक्क्यांनी पुढे’ याला मग काही अर्थ राहत नाही. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणं त्याहून निसरडं. २०२४ च्या लोकसभेला राज्यातल्या दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७.

आलेख असेल तर उभी रेघ शून्यापासून सुरू होते का ते पाहा. ४० पासून सुरू केली तर ४४ टक्क्यांचा खांब ४२ च्या दुप्पट उंच दिसतो.

आठवा आणि नववा दिवस: वेळ, आणि जे आलं नाही

आता मागची पानं चाळा आणि पहिला रकाना वाचा. मोठी घोषणा कधी आली? तिच्या आदल्या दिवशी काय गाजत होतं? ६ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती, नुकतेच काँग्रेस सोडलेले जगजीवनराम बोलणार होते. त्या रविवारी दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ लावला. लोकांनी घरी बसावं हा हेतू. मैदान तरीही भरलं. पण पद्धत लक्षात ठेवा: बातमी दडपण्यापेक्षा शेजारी जास्त रंगीत काहीतरी ठेवणं सोपं जातं.

सहाव्या रकान्यासाठी आणीबाणीचाच काळ धडा म्हणून घ्यावा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या कचेऱ्या असलेल्या बहादुरशाह जफर मार्गाची वीज तोडली गेली, आणि २६ च्या सकाळी आकाशवाणीवरून इंदिरा गांधींचा आवाज आला. लोकांनी आधी त्यांचं ऐकलं, छापलेलं नंतर. पुढे पूर्वपरीक्षण आलं, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारकडून तपासून घ्यायची सक्ती, १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था केली गेली. त्या काळाचं कौतुक आजही एका वाक्यात होतं: गाड्या वेळेवर धावत होत्या. बऱ्याच अंशी खरंही असेल. प्लॅटफॉर्मवरच्या कोणालाही ते दिसत होतं, घड्याळ लावून पडताळता येत होतं, म्हणूनच ते निवडलं गेलं. त्याच काळात एक लाखाहून अधिक माणसं खटल्याविना आत होती आणि १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. हे कोणाला प्लॅटफॉर्मवरून दिसत नव्हतं आणि छापायची मुभा नव्हती.

तुमच्या विषयातली ‘वेळेवर धावणारी गाडी’ कोणती, ते शोधा. रस्त्याच्या उद्घाटनाचे फोटो भरपूर आले असतील तर निविदेची रक्कम आणि मुदत कुठे आली का? लाभार्थ्यांचा आकडा आला असेल तर नाकारलेल्या अर्जांचा आला का? नेत्याने दहा दिवसांत किती भाषणं केली आणि आधी न ठरलेल्या प्रश्नांना किती वेळा उत्तर दिलं? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मार्च १९३३ पासून रेडिओवरून घराघरांत बोलत, त्याची कीर्ती आहेच. पण ते आपल्या कारकिर्दीत हजाराच्या आसपास पत्रकार परिषदांनाही बसले. जर्मनीत त्याच वर्षी ७६ मार्कांत स्वस्त ‘जनता रेडिओ’ विकायला काढला आणि प्रश्न विचारणारी वृत्तपत्रं बंद केली. साधन तेच, म्हणून साधनाकडे बघून काही ठरत नाही. उलटा प्रश्न विचारायची सोय आहे की नाही, ते बघायचं.

इथपर्यंत आलेल्या पुष्कळांना ‘सगळेच सारखे, कशावरच विश्वास ठेवू नये’ असं वाटायला लागतं. वही चुकीच्या दिशेने गेल्याचं हे लक्षण आहे. कुठल्याच गोष्टीवर विश्वास नसलेला मतदार बनवेगिरी करणाऱ्याला सर्वांत सोयीचा, कारण त्याला खरं दाखवलं तरी तो हलत नाही. ज्या पाच-सहा नोंदी पडताळणीत खऱ्या ठरल्या, त्यांच्याभोवती हिरव्या शाईने चौकट करा. त्या नेत्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

दहावा दिवस, आणि निकालानंतरचा महिना

शेवटच्या पानावर अर्ध्या पानाचं टिपण लिहा: कोणते तीन शब्द सर्वांत जास्त आले, ते कुठून निघाले, पैशाचा माग कुठपर्यंत लागला, काय आलं नाही. वही निवडणुकीच्या काळातली असेल तर मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांतल्या नोंदी वेगळ्या काढा. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२६ नुसार त्या काळात टीव्हीवर निवडणूक प्रचार दाखवता येत नाही. वृत्तपत्रं त्या कलमात येत नाहीत, पण मतदानाच्या दिवशीची आणि आदल्या दिवशीची छापील जाहिरात आयोगाच्या माध्यम समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. नेमका याच दोन दिवसांत ‘विशेष लेख’ आणि पुरवण्यांचा पूर येतो, म्हणून त्या दिवसांचे अंक रद्दीत देऊ नका.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि तो कोणत्याही नागरिकाला पाहता येतो. जा, प्रत घ्या, आणि जाहिरातींच्या रकमेशेजारी आपली कात्रणं ठेवा. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, ते २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत बातमीच्या वेषात छापून आलेल्या मजकुराचा खर्च लपवल्याबद्दल. रक्कम होती २१,२५० रुपये. तक्रार करणाऱ्याने कात्रणं जपून ठेवली होती.